सगळ्या दिशांचं परावर्तन मोजताय? या चुका टाळा

मॅट पांढऱ्या रंगाची भिंत आलेल्या प्रकाशापैकी ९० टक्के परत फेकते असं गृहीत धरलं, आणि सगळ्या दिशांना गेलेल्या प्रकाशाची बेरीज करणाऱ्या प्रोग्रामने ०.९ ऐवजी उत्तर दिलं १.८, म्हणजे १८० टक्के. भिंत स्वतःच प्रकाश पाडायला लागली! अशा वेळी पहिला हात पृष्ठभागाच्या मॉडेलला घातला जातो. पण दोष तिथे क्वचितच असतो, तो असतो बेरजेत. आणि चुकलेला आकडाच बहुतेकदा चोर दाखवून देतो.

हिशेब थोडक्यात असा. एका दिशेने आलेला प्रकाश दुसऱ्या दिशेला किती जातो हे बीआरडीएफ (BRDF) नावाचं सूत्र सांगतं (ही कल्पना फ्रेड निकोडेमस या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडली). त्याला कोसाइन थीटाने गुणायचं आणि पृष्ठभागावरच्या अख्ख्या अर्धगोलावर बेरीज करायची. थीटा म्हणजे लंबापासूनचा कोन. घनकोनाच्या (म्हणजे दिशांच्या त्रिमितीय पसाऱ्याच्या) प्रत्येक तुकड्यात साइन थीटा येतो, कारण अर्धगोलाचे पट्टे सारखे नसतात. छत्री उघडून बघा: टोकाशी कापड जेमतेम, काठाशी भरपूर. ० ते १० अंशांच्या टोपीपेक्षा ८० ते ९० अंशांचा पट्टा ११ पटींहून मोठा असतो.

आता सुरुवातीची ती दुप्पट, ०.९ ऐवजी १.८. मॅट पृष्ठभागाचं बीआरडीएफ म्हणजे परावर्तन भागिले पाय (π). कोसाइन विसरलात तर उत्तर बरोबर दुप्पट येतं. साइन विसरलात तरी बरोबर दुप्पटच! दोन्ही विसरलात तर पाय पट, म्हणजे ३.१४, आणि पायने भागायचं राहिलं तरी ३.१४. म्हणजे जी मॅट पृष्ठभागाची चाचणी सगळे करतात, ती चूक आहे एवढंच सांगते, कुठली ते सांगत नाही.

म्हणून दुसरी चाचणी हवी. प्रकाश सरळ लंबावरून येतोय असं धरा आणि बीआरडीएफ घ्या ३ भागिले २ पाय, गुणिले कोसाइन थीटा. बरोबर उत्तर १. कोसाइन गळला असेल तर १.५ येईल, साइन गळला असेल तर २.३६. दोन्ही गळले तर ३, आणि भागाकारातला पाय राहिला तर ३.१४. पाच मिनिटांचं काम, पण दिवसभराची शोधाशोध वाचते.

अंश आणि रेडियनचा घोळ ओळखायला सोपा. एका कोनाची पायरी अंशांत राहिली तर उत्तर ५७.३ पट, दोन्ही कोनांची (थीटा आणि लंबाभोवती गोल फिरणारा कोन) राहिली तर ३,२८३ पट. याउलट १ ऐवजी १.०२८ सारखं उत्तर फसवं असतं. ‘राउंडिंग असेल’ म्हणून सोडून दिलं जातं. १० अंशांच्या पायरीने गोल फिरताना ० आणि ३६० ही एकच दिशा दोनदा मोजली की ३६ ऐवजी ३७ भाग होतात, आणि ३७ भागिले ३६ म्हणजे १.०२८.

यादृच्छिक दिशा घेऊन बेरीज करणाऱ्यांची दुखणी वेगळी. थीटा ० ते ९० मध्ये सरसकट उचलला तर दिशा टोकाशी गर्दी करतात आणि मॅट चाचणीत (परावर्तन १ धरून) १ ऐवजी १.२७ येतं. उचलायचा तो थीटा नाही, कोसाइन थीटा. दिशा आधीच कोसाइनच्या प्रमाणात काढल्या असतील आणि तरी पुन्हा कोसाइनने गुणून २ पायचाच (समान वाटलेल्या दिशांसाठीचा) गुणक वापरला, तर १.३३. तिथे नुसत्या बीआरडीएफची सरासरी घेऊन पायने गुणायचं.

सगळ्यात जास्त त्रास चकचकीत पृष्ठभाग देतात. कोसाइनचा १,००० वा घात असलेला, एकूण परावर्तन १ येईल असा बेतलेला झोत घ्या. तो साधारण २ अंशांवरच अर्धा होतो. आता ५ अंशांच्या पायरीने बेरीज करा. ०, ५, १० असे कोन घेतले तर उत्तर ०.१७, कारण शिखर नेमकं ० वर आहे आणि तिथे साइन शून्य! तीच पायरी, पण कोन २.५, ७.५ असे मधले घेतले तर १.४७. एकाच पृष्ठभागाची दोन उत्तरं, एकात प्रकाश गायब, दुसऱ्यात फुकट. मधलेच कोन ठेवून पायरी अर्ध्या अंशावर आणली की १.००३ येतं. पायरी निम्मी केल्यावर उत्तर हललं, तर पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवू नका. आणि शिखरापाशी बीआरडीएफ १ च्या वर गेलं म्हणून ते १ वर छाटू नका. त्याचं एकक ‘प्रति स्टेरेडियन’ (स्टेरेडियन हे घनकोनाचं एकक) आहे, ते टक्के नव्हेत. १ ची मर्यादा बेरजेला असते.

‘सगळ्या कोनांतून’ याचा अर्थही आधी ठरवून घ्या. एकाच दिशेने आलेला प्रकाश सगळीकडे किती गेला हा एक प्रश्न. ढगाळ आभाळासारखा सगळीकडून आलेला प्रकाश किती परतला हा दुसरा. काचेचा (अपवर्तनांक १.५) एक पृष्ठभाग लंबावर ४ टक्के परतवतो, ६० अंशांवर ८.९, ८० वर ३९. दर १० अंशांचे दहा आकडे मांडून साधी सरासरी काढली की १९ टक्के येतात. दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर ९.२, कारण इथेही प्रत्येक कोनाला साइन आणि कोसाइनचं वजन द्यावं लागतं.

आकडे प्रयोगशाळेतल्या इंटिग्रेटिंग स्फिअरमधून (सगळ्या दिशांना परतलेला प्रकाश गोळा करणाऱ्या, आतून पांढऱ्या पोकळ गोलातून) येत असतील तर दोनच गोष्टी तपासा. आरशासारखी चकाकी मोजमापात धरली आहे की वगळली आहे? चकचकीत नमुना लंबावर ठेवला तर चकाकी आल्या वाटेनेच बाहेर जाते, म्हणून तो साधारण ८ अंश तिरका ठेवतात. आणि तुलनेची पांढरी टाइल १०० टक्के परतवत नाही. तिच्या प्रमाणपत्रावरच्या आकड्याने गुणलंय ना?