'द ग्लोरी' बघायची असेल तर अशी बघा

आधी एक सांगते, या कोरियन सिरीजचा पहिला एपिसोड रात्री एकटीने बघू नका. शाळेतल्या छळाचे सीन, गरम हेअर स्ट्रेटनरने भाजणं वगैरे, खरंच अंगावर येतात. नाहीच झेपलं तर आवाज बंद करा, पण तो एपिसोड सोडू नका, कारण पुढच्या १५ भागांचा सगळा राग तिथेच साठलाय.

एकूण १६ भाग आहेत, अर्धे डिसेंबर २०२२ ला आले आणि अर्धे मार्च २०२३ ला. सलग बघायची घाई करू नका, पहिले ८ झाले की एक दिवस थांबा.

बघताना बादुकवर लक्ष ठेवा, म्हणजे आपण ज्याला गो म्हणतो तो काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ. शाळेत छळ झालेली नायिका दोंगउन तो शिकते आणि बदलाही तसाच घेते, आरडाओरडा नाही, हळूहळू चारी बाजूंनी घेरत जायचं, आणि दोंगउन झालेल्या साँग हे-क्योचा तो थंड चेहरा बघून मला जास्त रडू आलं. लिम जी-यॉनची व्हिलन तर इतकी भारी केलीय की तिचा आवाज आला तरी डोकं फिरतं. पण माझी सगळ्यात आवडती नवऱ्याचा मार खाणारी ह्योननाम, तिचे सीन पुढे ढकलाल तर खूप काही गमवाल!

कमजोर बाजू पण आहेतच. डॉक्टरसोबतची लव्हस्टोरी मला पटलीच नाही, दुसऱ्या अर्ध्यात योगायोग फार होतात आणि मांत्रिक बाईचा सीन आला की इतका बारीक विणलेला प्लॅन जरा सैल पडतो. तिथे लॉजिक शोधत बसू नका, दोंगउनकडे बघत राहा.