नंबर न जुळणारी जर्मन के९८ रायफल: ओळखायची कशी, किंमत किती लावायची

गन शोमध्ये टेबलावर काराबिनर ९८के, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जर्मन के९८ रायफल दिसली की विकणारा लगेच सांगतो, "मिसमॅच आहे, म्हणून स्वस्त." मिसमॅच म्हणजे तिच्या भागांवरचे सीरियल नंबर एकमेकांशी जुळत नाहीत. हा सल्ला अर्धवट आहे आणि त्याच्यावर विसंबून लोक दोन्हीकडून फसतात, चांगली वस्तू सोडून देतात नाहीतर साध्या वस्तूला भरमसाट पैसे मोजतात. नंबर जुळत नाहीत हे कुणालाही दिसतं. ते कोणी, कधी आणि कसे बिघडवले हे शोधायचं, किंमत त्यातून निघते. मी अमेरिकेत राहतो, त्यामुळे खालचं सगळं इथल्या बाजाराचं आहे.

१. रायफल रिकामी आहे ना ते बघा. प्रत्येक वेळी, मालक काहीही म्हणू दे.

२. ही खरंच के९८ आहे का? रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या मधल्या भागाच्या डाव्या बाजूला "मॉड. ९८" असं कोरलेलं असतं. (बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा सरकता भाग.) वर युगोस्लाव्हियाचं राजचिन्ह असेल तर बहुतेक दोनपैकी एक, एकतर युद्धानंतर त्यांनी जर्मन कोड घासून पुन्हा तयार केलेली जर्मन रायफल, नाहीतर त्यांची स्वतःची एम४८. एम४८ चा रिसीव्हर आणि बोल्ट थोडे आखूड असतात आणि ती जर्मन म्हणून सर्रास विकली जाते. बोल्टचा दांडा सरळ आणि बॅरल लांबलचक असेल तर ती बहुतेक पहिल्या महायुद्धातली गेवेर ९८, तिचा हिशोब वेगळा.

३. कारखाना आणि वर्ष. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या वर कारखान्याचा कोड आणि त्याखाली वर्ष. सुरुवातीला "एस/४२" बरोबर वर्षाऐवजी अक्षर असायचं, "के" म्हणजे १९३४ आणि "जी" म्हणजे १९३५. मग खाली पूर्ण वर्ष आलं आणि पुढे "एस" जाऊन नुसतं "४२" राहिलं. इथे नवीन माणूस हमखास चुकतो, ४२ हा माउझरच्या ओबर्नडॉर्फ कारखान्याचा कोड आहे, १९४२ साल नाही. पुढे अक्षरी कोड आले: बीवायएफ म्हणजे ओबर्नडॉर्फच, एआर म्हणजे माउझरचा बर्लिनचा कारखाना, बीएनझेड म्हणजे ऑस्ट्रियातलं श्टायर, सीई म्हणजे झूलचं झाउअर, बीसीडी म्हणजे वायमारचं गुस्टलॉफ, डीओटी म्हणजे ताब्यात घेतलेलं ब्रनो. ४५ सालच्या ओबर्नडॉर्फच्या रायफलींवर एसव्हीडब्ल्यू येतं.

४. नंबर वाचणं. सगळा खेळ इथे आहे आणि मला सगळ्यात जास्त वेळ हेच शिकायला लागला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जर्मन सीरियल नंबर चार आकड्यांपर्यंत जातो आणि मग अक्षर लागतं, ए, बी, सी असं, आणि नवीन वर्षी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे अक्षर सोडून नंबर वाचला तर तो अर्धाच वाचला. पूर्ण नंबर रिसीव्हरवर आणि बॅरलवर, बोल्टच्या दांड्याच्या मुळाशी चार आकडे, पण एक्स्ट्रॅक्टर, सेफ्टी, बँड (बॅरल लाकडाला धरून ठेवणारी कडी) अशा लहान भागांवर फक्त शेवटचे दोन. आता दोनच आकडे म्हटल्यावर कुठलाही भटका भाग निव्वळ योगायोगाने शंभरात एकदा जुळणारच, त्यामुळे एखादा बँड जुळला म्हणून हुरळून जायचं नाही, आणि सगळे जुळत असतील तर मात्र तो योगायोग नसतो. ४४-४५ च्या रायफलींमध्ये लहान भागांवर नंबर टाकणंच बंद होत गेलं, पत्र्याचे दाबलेले बँड आले, संगिनीचा खिळा आणि साफ करायची सळीसुद्धा गेली, तेव्हा अशा रायफलीवर कोरा भाग दिसला तर त्याला मिसमॅच म्हणू नका.

स्टॉक, म्हणजे लाकडी भाग उतरवल्याशिवाय मत देऊ नका. बँड आणि खालचे दोन स्क्रू काढले की बॅरलच्या खाचेत स्टॉकचा नंबर मिळतो. तो खोडलेला आणि शेजारी नवा ठोकलेला असेल, लाकडावर तांबूस चकचकीत लाख असेल, बोल्टसकट सगळ्या धातूवर एकसारखा काळा रंग असेल, भागांवर विजेच्या पेन्सिलने खरडलेले नंबर असतील आणि रिसीव्हरच्या डाव्या बाजूला "एक्स" असेल तर ती सोव्हिएत कॅप्चर आहे, म्हणजे सोव्हिएत सैन्याने जर्मनांकडून पकडलेली आणि तिकडे खोलून, भाग ढिगात टाकून, हाताला लागेल ते जोडून तयार केलेली. तिच्या बोल्टवर रायफलीचाच नंबर दिसला तरी त्याला मॅचिंग म्हणायचं नाही, तो नंतर घातलेला आहे.

दुसरा प्रकार म्हणजे बाकी सगळं मूळचं, सगळे नंबर जुळलेले, फक्त बोल्ट परका. शरणागतीच्या वेळी रायफली एका ढिगात आणि बोल्ट दुसऱ्या ढिगात टाकले जायचे, सैनिकाने दोन्हीकडून एकेक उचललं आणि घरी आणलं. कधी बॅगेत मावावी म्हणून स्टॉक बँडखाली कापलेला असतो, त्याला डफल कट म्हणतात, बँड सरकवला की दिसतो. आयातदाराची खूण नाही म्हणजे सैनिकानेच आणली असं मात्र समजू नका, ही खूण १९६८ च्या कायद्याने सक्तीची झाली आणि त्याआधीही ढिगाने रायफली आयात झाल्या होत्या.

तिसरा प्रकार मला खरोखर संताप आणणारा आहे: परका बोल्ट घासून त्यावर हवा तो नंबर ठोकायचा, "एक्स" भरून काढायचा, आणि ऑल मॅचिंग, म्हणजे सगळे नंबर जुळणारी, म्हणून विकायचं. भिंग घ्या, दिवा तिरका धरा. घासलेली जागा किंचित खोलगट दिसते. काळ्या रंगानंतर ठोकलेल्या आकड्याच्या कडेला धातू वर येतो आणि आतून पांढरा चमकतो. आकड्यांची घडण त्याच कारखान्याच्या त्याच वर्षीच्या खात्रीच्या रायफलीच्या फोटोंशी ताडून बघा, विशेषतः ४ आणि ७. विकणाऱ्याने स्टॉक उतरवू दिला नाही तर मी पुढे चालायला लागतो.

५. किंमत. सगळ्यात वर सगळे नंबर जुळणारी, न छेडलेली. मग फक्त बोल्ट परका असलेली. जुळणारी पण डफल कट असलेली माझ्या मते तिच्याच आसपास. त्याच्या बरीच खाली सोव्हिएत कॅप्चर, आणि सगळ्यात खाली शिकारीसाठी स्टॉक कापून, दुर्बिणीसाठी रिसीव्हरला भोकं पाडलेली, तिला सुट्या भागांचीच किंमत. के अक्षराची किंवा एसव्हीडब्ल्यू असेल तर मिसमॅच असूनही वर जाते. लिलावात लोक मागतात ती किंमत बघू नका, विकली गेली ती बघा, आणि तीही त्याच कोडची, त्याच प्रकारच्या मिसमॅचची. "आजोबांनी अमुक अधिकाऱ्याकडून घेतली" ह्या गोष्टीला, सोबत त्या काळचा कॅप्चर कागद (शत्रूकडून मिळालेली वस्तू सैनिकाला घरी नेऊ देणारा सैन्याचा कागद) नसेल तर, एक डॉलरही जास्त देऊ नका.

आणि घेतल्यावर कृपा करून तिला सुधारायला जाऊ नका. लाख खरवडणं, लाकूड सँडपेपरने घासणं, बोल्ट पॉलिश करणं, इंटरनेटवरचं हे सगळं "रिस्टोरेशन" म्हणजे पुरावा पुसणं आहे. सोव्हिएत लाख हाही तिचा इतिहासच आहे, तो काढून खाली १९४१ सापडत नाही.

६. चालवायची असेल तर. आधी चेंबर कुठल्या काडतुसाचं आहे ते तपासा. मूळचं ७.९२×५७, पण इस्रायलने बऱ्याच रायफली ७.६२ नाटोवर नेल्या आणि नॉर्वेने .३०-०६ वर, चुकीचं काडतूस जिवावर बेतू शकतं. परका बोल्ट असेल तर गनस्मिथकडून गेजने हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा, मोजून घ्या, तोपर्यंत एकही गोळी नाही.