अडोबी घराच्या कामाला जाताय? सिमेंट घरीच ठेवा

कॅलिफोर्नियात राहताय आणि वीकेंडला हात मळवायची तयारी असेल तर जवळपासच्या एखाद्या जुन्या अडोबी रँच हाउसच्या (जुन्या शेतवाडीवरच्या घराच्या) वर्क डेला, म्हणजे स्वयंसेवक जमून डागडुजी करतात त्या दिवशी, जा. अडोबी म्हणजे आपली कच्ची वीट, माती-पेंढा कालवून उन्हात वाळवलेली. पेटालुमाचं, मेक्सिकन राजवटीतल्या जनरल वायेहोचं घर, 1836 ला बांधायला घेतलेलं, असंच आहे (राबले मात्र तिथले मूळ आदिवासी).

पहिलं काम भिंत नाही, पाणी. छप्पर गळतंय का, पागोळ्या भिंतीच्या बुडाशी पडतायत का, बाहेरच्या जमिनीचा उतार घराकडे आहे का ते बघा, ते निस्तरल्याशिवाय बाकी सगळं वाया.

बूड झिजलेलं दिसलं की कोणीतरी सिमेंटची गोणी घेऊन येतोच, प्लीज नको. भिंत जमिनीतली ओल ओढते, मातीचा किंवा चुन्याचा गिलावा असेल तर ती बाहेर उडून जाते, सिमेंट मारलं की आत कोंडते, वर चढते आणि बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या भिंतीचा आत चिखल होतो. न्यू मेक्सिकोत रांचोस दे ताओसच्या चर्चला 1967 मध्ये हेच केलं, शेवटी सिमेंट काढून परत मातीवर आले, आता गावकरी दरवर्षी जमून लिंपतात. आज्जीचं सारवण आठवलं ना?

माती शक्यतो त्याच भिंतीची पडलेली वापरा. नवीन असेल तर बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, हलवून ठेवा, वाळू लगेच बसते, चिकणमाती दुसऱ्या दिवशी सगळ्यात वर दिसते. चिकणमाती जास्त झाली की तडे जातात, माझ्या पहिल्या लॉटच्या विटा चार दिवसांत अशा उकलल्या की उचलताना दोन तुकडे हातात आले. मग वाळू वाढवली. 14×10×4 इंची वीट साधारण 15 किलो भरते, कंबर सांभाळा. काही दिवस आडवी, मग कडेवर उभी, महिनाभर तरी वाळू द्या.

भगदाड भरताना आधी फोटो काढा, सुटी माती ब्रशने झाडा, पाणी नुसतं शिंपडा (पाइप लावायचा नाही हं!) आणि पातळ थर द्या, एक वाळला की दुसरा. आणि पाणी वळवायला चर खणताना काचेचा तुकडा, हाड, काहीही लागलं तर थांबा, उचलू नका, साइटवरच्या माणसाला हाक मारा.