कोलोनोस्कोपीआधी ॲस्पिरिन परस्पर बंद करताय? या चुका टाळा

कणकवलीतल्या आमच्या औषधांच्या दुकानात गेल्या पावसाळ्यात एक काका आले. हृदयात स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसवलेला, आणि कोल्हापूरला कोलोनोस्कोपीची, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीतून तपासण्याची, तारीख मिळालेली. जुलाबाच्या पावडरची चिठ्ठी पुढे करत म्हणाले, "ती रगात पातळ करूची गोळी आठ दिस बंद केलंय. तपासताना जास्ती जाऊक नको म्हणान." हे कोणी सांगितलं, तर शेजाऱ्याने. मी तिथूनच त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. 75 मिलिग्रॅमची ती ॲस्पिरिनची गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू झाली.

सगळ्यात धोक्याची चूक हीच. ॲस्पिरिन खरं तर रक्त पातळ करत नाही, ती प्लेटलेटना, म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या बारीक कणांना, एकमेकींना चिकटू देत नाही. गोळीचा परिणाम झालेली प्लेटलेट तिचं उरलेलं आयुष्य तशीच राहते, आणि प्लेटलेटचं आयुष्य 7 ते 10 दिवसांचं. रोज साधारण दहावा हिस्सा नव्याने तयार होतो. त्यामुळे आदल्या दिवशी गोळी चुकवून काहीच साधत नाही, आणि आठवडाभर बंद ठेवली तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती वाढते. पॉलिप, म्हणजे आतड्यातला कोंब, काढताना रक्त आलं तर डॉक्टर त्याच दुर्बिणीतून क्लिप लावून किंवा इंजेक्शन देऊन ते बहुतेक वेळा थांबवतात. फोंडाघाट चढताना गाडीत हृदयाचा झटका आला तर कोण काय करणार?

म्हणून हृदयविकार किंवा पक्षाघातानंतर चालू असलेली कमी डोसची ॲस्पिरिन तपासणी, बायोप्सी (तपासायला छोटा तुकडा काढणं) आणि साधा पॉलिप काढताना सहसा चालूच ठेवतात. पॉलिप मोठा, पसरट असेल तर हृदयाचे आणि पोटाचे डॉक्टर आपसात बोलून ठरवतील. ते आपण ठरवायचं नाही, मी दुकानदारानेही नाही.

दुसरी चूक मला काउंटरवर रोज दिसते. गोळीच्या पाकिटावरचं नाव कोणी वाचत नाही. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, प्लेटलेटवरचंच दुसरं औषध, एकाच कॅप्सूलमध्ये मिळतात. पॉलिप काढायचा असेल तर क्लोपिडोग्रेल बऱ्याचदा 5 ते 7 दिवस आधी थांबवतात, पण ॲस्पिरिन चालू ठेवून. पेशंट अख्खी कॅप्सूल बंद करतो आणि दोन्ही औषधं एकदम सुटतात. तेव्हा 'माझी ॲस्पिरिन वेगळी लिहून द्या' असं स्पष्ट सांगा. स्टेंट नवा असेल तर घाई नसलेली तपासणीच पुढे ढकलतात. हृदयाच्या झडपेच्या पेशंटची वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम, म्हणजे रक्त गोठू न देणारी औषधं, ही गोष्टच वेगळी. ॲस्पिरिनचा नियम तिला लावू नका.

याच्या उलटही होतं. हृदयाचा काही आजार नसताना 'पन्नाशी झाली' म्हणून ॲस्पिरिन घेणारे गावोगाव आहेत. डोकेदुखीसाठी घेतलेल्या डिस्प्रिनमध्येही ॲस्पिरिनच असते. हे डॉक्टरांपासून लपवू नका, सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या.

तयारीच्या दिवशी, म्हणजे जुलाबाच्या पावडरने आतडं साफ करता तेव्हा, कोकम सरबत आणि सोलकढी बंद. लाल रंग आतड्यात रक्तासारखा दिसतो. शहाळ्याचं पाणी बहुतेक ठिकाणी चालतं. लोहाच्या गोळ्या आणि मधुमेहाची औषधं यांबद्दल आधीच विचारून घ्या.

पॉलिप काढल्यावर रक्तस्राव त्याच दिवशी होईल असं नाही, दोन आठवड्यांपर्यंतही होऊ शकतो. बायोप्सीनंतर कागदाला थोडं रक्त लागलं तर घाबरायचं कारण नाही. पण रक्ताच्या गाठी पडल्या, वारंवार लाल शौच झाली, डांबरासारखी काळी झाली किंवा चक्कर आली, तर 'मूळव्याध असेल' म्हणत घरी बसू नका. 108 ला फोन करा आणि डिस्चार्जचा कागद सोबत घ्या. अंग दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका. पॅरासिटामॉल सहसा चालतं.

देवगड-मालवणच्या खलाशांना मी आवर्जून सांगतो, पॉलिप काढल्यावर लगेच ट्रॉलरवर जाऊ नका. मधल्या समुद्रात रक्त सुरू झालं तर किनारा गाठायलाच तासन् तास जातात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तपासणी तातडीची नसेल तर त्या दिवसांतली तारीख मागून घ्या. शौचातून आत्ताच रक्त जात असेल तर मात्र जूनची वाट बघू नका, याच आठवड्यात दाखवा.