तिवरावरचा पतंग ओळखताना या चुका टाळा

पावसाळा सरत आला की खाडीकाठचे फोटो फिरू लागतात. तिवरांचा, म्हणजे कांदळवनातल्या एका झाडाचा, अख्खा पट्टा तपकिरी पडलेला, आणि खाली ठरलेली ओळ: "विष टाकून कांदळवन मारलं." बऱ्याचदा हा प्रताप हायब्लिया प्युएरा या पतंगाच्या अळीचा असतो. सागाची पानं फस्त करणारी अळी ती हीच. किनाऱ्यावर तिचा डोळा मुख्यतः तिवरावर असतो.

न बघताच "विष" म्हणणं

फोटो टाकण्याआधी फांदी हातात घ्या. अळीने खाल्लेल्या पानाचा देठ आणि मधली शीर तेवढी उरते. दुरून जो तपकिरी रंग दिसतो तो या वाळलेल्या शिरांचा. विषाने किंवा पाणी तुंबून मरणाऱ्या झाडाची पानं पिवळी पडतात, सुकतात, पण ती सबंध असतात, कडा कुरतडलेल्या नसतात. नंतर शेजारची झाडं बघा. तिवर उघडंबोडकं आणि त्याला खेटून असलेली चिपी किंवा कांदळ ही कांदळवनातलीच दुसरी झाडं हिरवीगार, असं असेल तर अळीचाच संशय घ्या, कारण पाण्यातलं विष झाडांची जात बघून मारत नाही. शेवटी कोवळ्या फांदीची साल नखाने जराशी खरवडा. आत ओला हिरवा थर दिसला तर झाड जिवंत आहे.

एवढं न केल्याने काय होतं, तेही ठरलेलं आहे. तक्रार, पाहणी, पाण्याचे नमुने. मग कोणीतरी फवारणीची मागणी करतं. नमुन्यांचा निकाल येईस्तोवर अळ्या कोषात गेलेल्या असतात, शेंड्यांना पोपटी पालवी फुटलेली असते, आणि झाडं "वाचवल्याचं" श्रेय घ्यायला माणसं हजर. फवारणीचा विचारसुद्धा नको. भरतीच्या पाण्यावर कीटकनाशक मारलं की खेकडे, कोळंबी, माशांची पिल्लं आधी मरतात. अळ्या खाणारे पक्षी आणि अळ्यांवर अंडी घालणाऱ्या गांधीलमाशाही त्यात सापडतात. तिवर एकदा बोडकं झालं म्हणून मरत नाही.

कांदळवनं खरोखर मारलीही जातात. मुंबई उच्च न्यायालयाला २००५ मध्ये त्यांच्या तोडीवर बंदी घालावी लागली, ती उगाच नाही. बांध घालून भरतीचं पाणी अडवलेलं दिसलं, किंवा श्वसनमुळं (हवा घ्यायला चिखलातून वर येणारी मुळं) ओहोटीतही पाण्याखालीच राहिली, तर जरूर तक्रार करा. पण अळीच्या कामाला विष म्हणून चार खोट्या हाका मारल्या की पाचवी खरी हाक कोणी ऐकत नाही.

पुढचे पंख बघून नाव ठोकणं

बसलेल्या हायब्लियाचा फोटो म्हणजे राखाडी-तपकिरी, कौलारू छपरासारखा मिटलेला एक पतंग. असे पतंग ढिगाने आहेत. शिवाय पुढच्या पंखांचा रंग एकाच जातीत राखाडीपासून तांबूस तपकिरीपर्यंत बदलतो. ओळख मागच्या पंखांवर आहे: गडद, काळपट जमीन (पंखाचा मूळ रंग) आणि तिच्यावर नारिंगी-पिवळे पट्टे. फळातला रस शोषणाऱ्या युडोसिमाशी घोटाळा होतो तो इथेच. तिथे जमीन नारिंगी आणि खुणा काळ्या, शिवाय पतंग दुपटीहून मोठा. हायब्लियाचे पंख पसरून जेमतेम ३ ते ४ सेंमी भरतात. डोक्यापुढे चोचीसारखी आलेली मुखांगं दिसावीत म्हणून एक फोटो बाजूने घ्याच.

मागचे पंख दिसावेत म्हणून चिमटीत धरून ओढू नका, खवले झडतात. पतंग छोट्या डबीत घालून फ्रिजमध्ये (फ्रीझरमध्ये नव्हे) दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि मऊ कुंचल्याने पुढचा पंख हलकेच सरकवा. एवढाही धीर नसेल तर नाव "हायब्लिया?" असं प्रश्नचिन्हासकट लिहा. फोटोवरून जात ओळखणाऱ्या ॲपने सुचवलं म्हणून प्रश्नचिन्ह खोडणारे नवशिके नोंदींचा कचरा करतात आणि तो निवडायचं काम दुसऱ्यांवर पडतं.

बाकीच्या, थोडक्यात

अळी रंगावरून ओळखू नका. विरळ असताना ती हिरवट, झुंडीत काळपट, पाठीवर नारिंगी पट्टा आणि बाजूंना पांढऱ्या रेघा. पानाची कड कापून, दुमडून केलेली घडी जास्त भरवशाची. त्या घडीतच ती लपून खाते.

कमान करत चालणारी अळी असेल तर ती ही नव्हे.

पानाची नुसती जाळी उरली असेल तर सागावरची दुसरी अळी आठवा, युटेक्टोना. ती शिरांमधला गर खाते, हायब्लिया शिरा सोडून सगळंच.

दिव्यावर आलेला पतंग "कांदळवनातला" म्हणून नोंदवू नका. कोषातून निघालेले पतंग थव्याने दूर जातात, तो डोंगरातल्या सागावर वाढलेला असू शकतो. ही जात भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत आणि पलीकडे अमेरिकेच्या उष्ण भागातही आहे. नोंदीत "दिव्यावर" एवढंच लिहा. झाडाचं नाव अळी त्या झाडावर सापडली तरच.

अळी वाढवून खात्री करायची तर दोन-तीनच आणा. घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा नको, ओल धरते आणि अळ्या सडतात. जाळीचं झाकण, तळाला कागद, देठाला ओला कापूस लावलेली तिवराचीच ताजी पानं, आणि विष्ठा रोज साफ. लिबलिबीत होऊन लटकलेली अळी दिसली की ती विषाणूची बळी समजा. ती लगेच काढा आणि डबा धुऊन उन्हात वाळवा.

झाडाखाली विष्ठेचे काळपट-हिरवे दाणे शोधायचे तर ओहोटीला, भरती चढायच्या आत जा. नंतर चिखल धुतलेला असतो आणि "इथे अळी नव्हतीच" अशी नोंद होते.