सिरियल पोर्ट शिकताना आधी सिग्नल बघा

नोकरीच्या पहिल्या महिन्यात माझ्याकडे एक छोटा बोर्ड आला. टर्मिनलवरून सिरियल पोर्टमधून (जिथून डेटा एकेका बिटने जातो) त्याला काहीही पाठवलं की तो रीसेट व्हायचा. तीन दिवस मी पॉवर सप्लाय तपासत बसले, पण दोष तिथे नव्हताच. लिनक्समध्ये पोर्ट नुसता उघडला तरी डीटीआर (‘कॉम्प्युटर तयार आहे’) आणि आरटीएस (‘डेटा पाठवू का?’) या दोन्ही कंट्रोल लाइन चालू होतात, आणि त्या बोर्डाची रीसेट लाइन एका कपॅसिटरमधून डीटीआरला जोडलेली होती. आर्डुइनो उनो या बोर्डामध्येही नवा प्रोग्राम चढवताना हीच युक्ती कामी येते.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना सांगते, बॉडरेटशी (डेटाच्या वेगाशी) झटापट नंतर करा, आधी या लाइन ओळखा. कॉम्प्युटरकडून चालू-बंद करता येतात त्या दोनच, डीटीआर आणि आरटीएस. सीटीएस (‘पाठवा’), डीएसआर (‘उपकरण तयार आहे’), डीसीडी (‘मॉडेमला समोरचा सिग्नल मिळाला’) आणि आरआय (‘फोनची रिंग वाजतेय’) या चार फक्त वाचायच्या.

सरावासाठी उपकरण लागतच नाही. नऊ पिनांच्या कनेक्टरवर ७ आणि ८ नंबरच्या पिना एका तारेने जोडा. ७ म्हणजे आरटीएस, ८ म्हणजे सीटीएस. पायथॉन सुरू करून पायसिरियल या लायब्ररीने पोर्ट उघडा. आरटीएसला फॉल्स दिलं की सीटीएस फॉल्स दिसतं, ट्रू दिलं की ट्रू. आता आरटीएस तसाच ठेवून तार उपसा आणि सीटीएस पुन्हा वाचा. ते फॉल्स झालेलं दिसलं तेव्हा मला हा विषय खऱ्या अर्थाने कळला. मग ४ आणि ६ जोडून डीटीआर-डीएसआर बघा.

हे सगळं पोर्ट एकदाच उघडून करायचं. एका कमांडने लाइन बंद केली आणि दुसरीने वाचायला गेलात, तर दुसरी कमांड पोर्ट उघडतानाच ती लाइन पुन्हा चालू करते. शिवाय एसटीटीवाय या पोर्टची सेटिंग बदलणाऱ्या कमांडमधलं एचयूपीसीएल हे सेटिंग चालू असेल, तर पोर्ट बंद होताना डीटीआर खाली येतो. मी या फेऱ्यात बरेच दिवस अडकले होते.

पोर्टवर आलेला डेटा दाखवणारी कॅट कमांड काहीच न दाखवता अडकून पडली तर घाबरू नका. सीलोकल (मॉडेमच्या लाइनकडे दुर्लक्ष करायला सांगणारं सेटिंग) बंद असेल तर पोर्ट उघडताना लिनक्स डीसीडीची वाट बघत थांबतं. एसटीटीवायने सीलोकल चालू केलं की काम पुढे सरकतं. उबुंटूवर परवानगी नाकारली, तर आपलं नाव सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या डायलआउट ग्रुपमध्ये घालून पुन्हा लॉगिन करायचं.

मल्टिमीटर लावाल तेव्हा एक नीट लक्षात ठेवा. आरएस-२३२ मध्ये, म्हणजे नऊ पिनांच्या पोर्टच्या स्टँडर्डमध्ये, कंट्रोल लाइन चालू म्हणजे धन व्होल्टेज, +३ ते +१५ च्या मधलं, आणि बंद म्हणजे ऋण. यूएसबी-टीटीएल अडॅप्टरवर (टीटीएल म्हणजे चिपच्या कमी व्होल्टेजचे सिग्नल) हेच उलटं असतं, चालू असताना पिनेवर जवळपास ० व्होल्ट मिळतात. आरएस-२३२ ची तार थेट टीटीएल बोर्डाला लावू नका, त्याने चिप जळू शकते. मध्ये मॅक्स-२३२ सारखी लेव्हल बदलणारी चिप हवीच.