कागदपत्रे मागितली जाण्याआधीच ठरवून ठेवा

संवेदनशील माहिती कोणाला किती द्यायची, हे समोरच्याने हात पुढे केल्यावर ठरवायचे नसते, कारण त्या वेळी घाई असते आणि भीडही पडते. म्हणून घरी निवांत बसून आधार, पॅन, पासबुक, आजारपणाचे रिपोर्ट अशी यादी करावी आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहावा: हे भलत्याच्या हाती गेले, तर मला बदलता येईल का? एटीएमचा पिन पाच मिनिटांत बदलतो, जन्मतारीख आणि बोटांचे ठसे आयुष्यभर तेच राहतात. जे बदलत नाही, ते देताना हात आखडता घ्यावा.

नाशिकमध्ये सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभा असताना मला संगणकाच्या पडद्यावर अनोळखी माणसांची आधारकार्डे आणि मार्कशीट ओळीने दिसत होती; सगळ्यांनी ती प्रिंटसाठी व्हॉट्सॲपवर पाठवलेली होती. फाइलला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष, आणि या दोन्ही गोष्टी ओळखीच्या माणसाला ठाऊक असतात. शक्य तिथे शेवटचे चारच अंक दाखवणारे मास्क्ड आधार द्यावे, आणि प्रिंट हातात पडल्यावर फाइल चॅटमधून व संगणकातून आपल्यासमोर काढायला लावावी. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

झेरॉक्स प्रत द्यावीच लागली, तर तिच्यावर कारण, तारीख आणि घेणाऱ्याचे नाव आडवे लिहून सही करावी, आणि अक्षरे फोटोवरून जातील असे पाहावे, म्हणजे ती प्रत दुसऱ्या कामाला सहजी वापरता येत नाही. गंगापूर रोडला फ्लॅट बघायला गेलात आणि एजंटाने पहिल्याच भेटीत कागदपत्रे मागितली, तर व्यवहार ठरल्यावर घरमालकाच्या हाती देईन, असे नम्रपणे सांगावे.

ओटीपी, पिन आणि कार्डामागचे तीन अंक कोणालाही सांगू नयेत. बँकेतून बोलतो म्हणणाऱ्याचा फोन ठेवून कार्डामागे छापलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन लावावा. पैसे गेलेच, तर लाजेने एक दिवसही न घालवता 1930 या सायबर फसवणुकीसाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती अडवता येण्याची शक्यता असते. हा नंबर आमच्या घरी आईच्या फोनजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत चिकटवलेला आहे.